खारबावची टिटवी

नवशा येणार हे कौसल्याला कोणी सांगितलं नव्हतं. जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेनऊ. ती टेमघरच्या घराच्या ओट्यावर सुकट निवडत बसली होती. दारात रिक्षा थांबली, आधी तिची लेक संघरत्ना उतरली आणि तिच्यामागून पांढऱ्या केसांचा एक माणूस उतरला. रिक्षा वळून गेली तरी तो रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिला, एका पावलावर दुसरं पाऊल टेकवून. शाळेत मास्तरांनी वर्गाबाहेर काढलं की तिचा धाकटा भाऊ असा उभा राहायचा. तेवढ्यावरून तिने त्याला ओळखलं.

"जयभीम, ताई," नवशा म्हणाला.

सदतीस वर्षांनी त्याच्या तोंडून तिने ऐकलेले हे पहिले शब्द. कौसल्याने नजर परत सुपात वळवली. तिने लेकीला विचारलं, हा कोणाच्या सांगण्यावरून आला?

"मी आणलंय, आई. बाबांना ठाऊक नाही, दादालाही नाही. चिडायचं असेल तर माझ्यावर चीड."

आवाज ऐकून तिचा लेक सुमित बाहेर आला. अर्ध्या गालाला साबणाचा फेस, खांद्यावर टॉवेल. नारपोलीच्या यंत्रमागाच्या कारखान्यात तो जॉबर होता; आठवडाभर बिघडलेल्या लूमांशी झगडून रविवारी तेवढी त्याला निवांत दाढी करायला मिळायची. मामाला त्याने कळत्या वयात दोनदाच पाहिलं होतं, तेही लांबून, विहारातल्या कार्यक्रमात. आवाज न चढवता तो म्हणाला, "मामा, रिक्षा अजून नाक्यावर असेल. आल्या पावली परत जा."

नवशा हलला नाही. वर गच्चीवरून मात्र तिच्या नवऱ्याचा, दामूचा आवाज आला. सगळं ऐकू गेलं असावं, कारण त्याने कोण आलंय हे विचारलंच नाही.

"त्याला वर पाठव, सुमित. धा चाळीसला ती यायची हाय. वेळ थोडा ऱ्हायलाय."

कौसल्या सूप बाजूला ठेवून उठली. ह्या घरात नवऱ्याचा शब्द तिने आजवर सहसा मोडला नव्हता. पण त्या क्षणी तो मोडावा असं तिला फार वाटलं.

*

'ती' म्हणजे टिटवी. चौसष्ट साली देशाने पहिला उपग्रह आकाशात सोडला, तेव्हा कागदोपत्री त्याचं नाव होतं 'प्रभात'. त्याचं ऐकायला खारबावच्या खाडीकाठी, गावातल्या केसरीनाथने दिलेल्या खाजणाच्या जमिनीवर सरकारने एक बैठं केंद्र बांधलं. दिवसातून चार-पाच वेळा तिथल्या भोंग्यातून 'टिट्टिव, टिट्टिव' असा आवाज यायचा. गावाने आपल्या परीने उपग्रहाचं बारसं केलं आणि पुढे केंद्रातले साहेबसुद्धा टिटवीच म्हणायला लागले.

दामू त्या केंद्रात लागला तो वस्तीतला पहिला मॅट्रिक म्हणून. रेडिओचा कोर्स केलेला, हात हलका, कान तिखट. लग्नानंतर वर्षभरात त्याने बायकोच्या भावाला, नवशाला, स्वतः काम शिकवून तिथे चिकटवलं. पगाराच्या दिवशी दोघं सायकलवरून डबलसीट यायचे. कौसल्या तेव्हा चोवीस वर्षांची होती, कडेवर सुमित. आपलं सगळं आता मार्गाला लागलं, असं ती शेजारणीला सांगायची.

सदुसष्टच्या मार्चमध्ये एका दुपारी टिटवी गप्प झाली. त्या वेळी ड्युटीवर दामू होता. टिटवीला हुकूम द्यायचा तर एक आकड्यांची चकती फिरवायची आणि खालचं लाल बटण दाबायचं, एवढंच काम. त्या दिवशी बावीस नंबरचा हुकूम द्यायचा होता: जलद बोल. त्याच्या शेजारचा एकवीस: बंद हो. चौकशीच्या कागदावर नवशाने सही केली की दामूने चकती एकवीसवर नेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दामूला काढून टाकलं. ह्या लोकांच्या हातात यंत्र दिल्यावर दुसरं काय होणार, असं केंद्रातले लोक उघड बोलले. खारबावच्या पोरांनी खेळताना म्हणायला एक ओळ केली, 'दाम्याने टिटवी मारली'. सुमित शाळेतून ती ओळ ऐकून आला, त्या महिन्यात त्यांनी गाव सोडलं आणि टेमघरला येऊन रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. वस्तीतल्या कुणाच्या पोराला त्यानंतर दहा-बारा वर्षं केंद्रात कामाला घेतलं नाही.

कौसल्याने भावाशी बोलणं टाकलं. आई गेली तेव्हा ती दुसऱ्या दाराने आत गेली आणि दुसऱ्या दाराने बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी नवशाची बायको हौसा वारली, तेव्हा ती गेलीही नाही.

आणि आता तीन आठवड्यांपूर्वी डहाणूकडच्या कॉलेजातल्या एका हौशी मास्तरने आपल्या यंत्रावर भलताच आवाज पकडला. तो आवाज सदतीस वर्षं मेलेल्या उपग्रहाचा निघाला. पेपरात चार ओळी आल्या. दामूने त्या दोनदा वाचल्या, पेपराची घडी केली आणि दुकान बंद ठेवून तीन दिवस गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं एरियल बांधत बसला. जेवायला बोलावलं तरी खाली येईना. कौसल्याने ताट वर नेलं. त्याने टिटवी ऐकली का, कशी ऐकली, हे तिला विचारायचं होतं, पण त्याचा चेहरा पाहून तिने विचारलं नाही.

*

गच्चीवर मनाली आधीच आली होती. सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, उपग्रहांच्या मुख्य कचेरीत इंजिनीअर. खारबावच्या केसरीनाथची नात. मागच्या रविवारी ती पहिल्यांदा आली तेव्हा चहा घेता घेता तिने स्वतःहून सांगून टाकलं होतं की लहानपणी ती ओळ म्हणत मीही लंगडी खेळलेय, तुम्हाला सांगितल्याशिवाय ह्या घरातला चहा माझ्या घशाखाली उतरायचा नाही. कौसल्याला ती पोरगी त्या दिवसापासून आवडली होती.

मनालीचं काम सोपं होतं आणि अवघडही. टिटवीला दोन ठेक्यांत बोलता यायचं, एक सावकाश आणि एक जलद. सुरुवातीपासून ती सावकाशच बोलायची. जलद ठेका फक्त केंद्रात यंत्राची चाचणी घेताना तिघा-चौघांनी ऐकला होता. कुठला ठेका किती वेगाचा हे लिहिलेले कागद वाळवीने खाल्ले होते. ऐकलेल्या माणसांपैकी आज दोनच जिवंत होते, एक दामू आणि दुसरा नवशा.

"दामूकाकांचं म्हणणं मी लिहून घेतलंय," मनालीने कौसल्याला समजावलं, "पण त्यांच्यावरच ठपका होता. दुसऱ्या माणसाने सांगितल्याशिवाय वरचे लोक जुना कागद बदलणार नाहीत. संघरत्नाताईंना मीच विचारलं, मामांना आणाल का म्हणून."

"हिला कसं ठाऊक तो कुठं ऱ्हातो?" कौसल्याने विचारलं.

संघरत्ना दवाखान्यात परिचारिका होती. तिने सरळच सांगितलं. हौसामामीच्या शेवटच्या आजारात महिनाभर ड्युटी संपवून ती पडघ्याला त्यांच्या घरी जात होती, सलाईन लावायला. त्याच्या आधीही अधूनमधून जायची. घरी सांगायची, ओव्हरटाइम आहे.

एका घरात राहून लेक इतकी वर्षं त्या दारात जात होती. रागवावं की काय करावं हे कौसल्याला कळेना. हौसाने शेवटी काय खाल्लं, कोण उशाशी होतं, हे सगळं आपल्या पोटच्या पोरीला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, हे मात्र तिच्या आत कुठेतरी रुतलं.

नवशा जिन्याच्या तोंडाशी थांबला होता. सुमित त्याच्या आणि एरियलच्या मध्ये हाताची घडी घालून उभा. दामूने घड्याळ पाहिलं आणि हातानेच सगळ्यांना गप्प राहायची खूण केली.

आधी नुसती खरखर आली. मग खरखरीतून वर येत, पुन्हा बुडत, बारीक, घाईघाईचा आवाज. टिट्टिव-टिट्टिव-टिट्टिव-टिट्टिव. दम न घेता. दामू एरियल हळूहळू वळवत गेला तसा आवाज स्वच्छ झाला. खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडत होता, पलीकडच्या कारखान्यात रविवार असून दोन लूम चालू होते, आणि त्या सगळ्यावरून तो आवाज येत होता. कौसल्याने वर पाहिलं. स्वच्छ निळं आभाळ, त्यात काहीच दिसत नव्हतं.

अकरा मिनिटं ती बोलत होती. आवाज विरल्यावर मनालीने नवशाकडे पाहिलं. तिला विचारावं लागलंच नाही.

"बावीसचा ठेका हाय," नवशा म्हणाला. "जलद. ह्यो बावीसचाच."

मनालीने त्याला पुन्हा विचारलं, नक्की का. त्याने मान डोलावली. मग तिने सुमित आणि कौसल्या दोघांना कळेल असं सांगितलं. त्या दिवशी टिटवीची बॅटरी आतून जळली होती. जळालेली बॅटरी सगळी वीज गिळत राहिली, म्हणून ती मुकी झाली. आता इतक्या वर्षांनी त्या बॅटरीतला सांधा तुटला, आणि तिच्या अंगावरच्या सौरपत्र्यांवर ऊन पडलं की वीज सरळ यंत्रात जाते. उन्हात असते तोवर ती बोलते, सावलीत गेली की थांबते. पण मरताना तिला जो शेवटचा हुकूम मिळाला होता, तोच ती अजून पाळतेय.

"एकवीस दाबलं असतं तर तिच्या आतली कळ कायमची मिटली असती," मनाली म्हणाली. "मग ऊन पडूनही ती बोलली नसती. ती बोलते, आणि जलद बोलते. म्हणजे काकांनी बावीसच दाबलं होतं."

सुमितच्या हाताची घडी सुटली. फेस गालावर तसाच वाळला होता. तो काही बोलणार तेवढ्यात नवशाच पुढे आला आणि मनालीला म्हणाला, बाय, आता मी सांगतो ते पण लिही.

"मी तवा खोलीतच न्हवतो. चाय आणाय गेलो व्हतो. आलो तवा ती गप झाली व्हती आन सगळे धावत व्हते. मंग मोठ्या साहेबांनी बोलावलं. म्हणाले, तू बघितलंस असं लिवून दे, न्हायतर दोघं जातील. हौसा तवा पोटुशी व्हती. मी सही केली." त्याने दामूकडे पाहिलं. "मी काय बी बघितलं न्हवतं."

मनाली लिहीत होती. कौसल्याला वाटलं, हेच ऐकायला ती सदतीस वर्षं थांबली होती. भाऊ खोटारडा आहे हे तिने पहिल्या दिवसापासून म्हटलं होतं, आणि आज त्याने ते चारचौघांत कबूल केलं. आपल्याला आता बरं वाटेल असं वाटून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

दामू एरियलच्या खाली पालथ्या बादलीवर बसला होता.

"त्याचा राग मला कधी आलाच न्हाय," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "कारण मलाच ठाऊक न्हवतं."

"काय ठाऊक न्हवतं?" कौसल्याने विचारलं.

"मी काय दाबलं ते. आदल्या रातपाळीचा मानूस आला न्हवता, मी सोळा तास बसलो व्हतो. डोळे मिटत व्हते. बावीसवर नेली असं वाटायचं, मंग वाटायचं, एकवीसवरच गेली असंल. चौकशीत त्यांनी विचारलं तवा मी म्हणालो, मला सांगता येत न्हाय. तेच माझ्या अंगावर आलं. सदतीस वर्सं मी रोज ती चकती फिरवून बघतोय, डोक्यात. कधी बावीस येतो, कधी एकवीस."

"आन तीन आठवड्यांमागं ऐकलंत तवा?"

"तवा कळलं. पन माझ्या कानांवर माझाच भरवसा न्हवता. मानूस हवं तेच ऐकतो. म्हणून घरात गप ऱ्हायलो."

कौसल्याचा आवाज असा आला की संघरत्ना दचकली.

"मी तुमच्यापायी भाऊ तोडला. आईच्या मयताला त्याच्या शेजारी बसले न्हाय. हौसाचं तोंड बघितलं न्हाय. आन तुम्हाला ठाऊकच न्हवतं? एक दिवस तरी म्हणायचंत."

"काय म्हणायचं व्हतं? माझ्या हातून झालं असंल म्हणून?" दामूने वर पाहिलं. "अख्खी वस्ती माझ्याबरोबर मान खाली घालून चालत व्हती. तू एकटीच म्हणत व्हतीस की ह्यांनी केलंच न्हाय. तेवढं एक मला हवं व्हतं. ते कसं घालवू?"

कौसल्या जिना उतरून खाली गेली.

*

स्वयंपाकघरात तिने तांदूळ धुतले, चुलीवर ठेवले, सुकटीसाठी कांदा चिरायला घेतला. कांदा चिरता चिरता रडता येतं, कोणी विचारत नाही. राग आता नेमका कोणाचा आहे हे तिला ठरवता येईना. भावाने खोटं लिहिलं होतं. नवऱ्याने खरं लपवलं होतं. लेकीने पाठीमागे येणंजाणं ठेवलं होतं. आणि तिने स्वतः, कोणी न सांगता, एक ओझं उचललं आणि ते नवऱ्याचं आहे असं समजून इतकी वर्षं वाहिलं.

दाराशी नवशा आला. आत आला नाही.

कौसल्याने मागे वळून पाहिलं नाही, पण विचारलं. "हौसाला ठाऊक व्हतं?"

"लगीच सांगितलं व्हतं मी. त्याच रातीला."

"मंग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, ताईकडं जा आन सांग. दर वर्साला म्हणायची. मी म्हणायचो, पुढच्या वर्साला जातो." तो चौकटीला हात लावून उभा होता. "शेवटी शेवटी तिनं म्हणायचं सोडलं. तेच मला जास्ती लागलं. मागून मला वाटायचं, आता जाऊन काय उपयोग, टिटवी तर मेलीच."

कांद्याची सुरी थांबली. हौसा लग्न होऊन आली तेव्हा तिला चुलीवर भाकरी टाकता यायची नाही, कौसल्यानेच शिकवली होती. तिच्या दुखण्यात पडघ्याचं अंतर रिक्षाने अर्ध्या तासाचं होतं. ते अर्ध्या तासाचं अंतर कौसल्या चालली नव्हती, आणि त्याला कोणाची खोटी सही लागली नव्हती.

"मी पन आले न्हाय," ती म्हणाली. "तिच्या मयताला."

"तुझी वाट बघून मंग उचलली आम्ही," नवशा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. झालं ते त्याने सांगितलं.

कौसल्याने पदराने डोळे पुसले आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. तो आत येऊन बसला. भात रटरटायला लागला तशी तिने आच कमी केली.

मनाली जिना उतरत आली ती घड्याळ पाहतच. तिचं अजून एक काम राहिलं होतं, आणि ते इथे होण्यासारखं नव्हतं. टिटवी जलद बोलतेय तोवर तिची जुनी यंत्रं फार तापताहेत. अशीच राहिली तर महिनाभरही टिकणार नाही. तिला पुन्हा सावकाश ठेक्यात आणायला हवं. तो हुकूम तेवीस नंबरचा. मनालीच्या माणसांनी खारबावचं बंद केंद्र उघडून तिथलीच जुनी चकती साफ करून जोडली होती, कारण टिटवीला तिचीच भाषा कळत होती. बारा पंचवीसला ती पुन्हा डोक्यावरून जाणार होती.

"चकती काकांनी फिरवावी अशी माझी इच्छा आहे," मनाली म्हणाली. "वरून मी परवानगी घेऊन ठेवलीय."

मागोमाग उतरलेला दामू पायरीवरच थांबला. त्याने आपले दोन्ही हात मागे घेतले, जणू कोणी ते मागितले होते. हे माझ्याकडून व्हायचं नाही, म्हणाला. दुसऱ्या कोणाला तरी बसव.

आता सुमितने तोंड उघडलं. "बाबा, शाळेत ती ओळ ऐकून मी किती पोरांशी मारामारी केली, सांगू? तुम्ही दाबलंत की नाही हे मलाही ठाऊक नव्हतं. तरी केली." दामू पायरी उतरून चपला पायात घालू लागला. सुमितने तोंड धुतलं, शर्ट घातला आणि मित्राचा टेम्पो आणायला नाक्यावर गेला. परत आला तेव्हा आईला आणि बहिणीला मागे बसवलं, बाबांना खिडकीशी, आणि मामाला म्हणाला, तुम्ही पुढे माझ्याशेजारी बसा, रस्ता दाखवा. खारबावचा रस्ता त्याला चांगला ठाऊक होता.

*

केंद्राच्या आवारात कौसल्या तेव्हा कधी आली नव्हती. कामगारांच्या बायकांना फाटकाच्या आत सोडत नसत; डबा फाटकावर द्यायचा. आता फाटक गंजून एका बिजागरीवर लोंबत होतं आणि ती सरळ आत चालत गेली. खाडीवरून वारा येत होता. एका खोलीत नवी दोन यंत्रं, वायरी, आणि मध्यभागी लोखंडी टेबलावर ती चकती. जेवणाच्या ताटलीएवढी, कडेने आकडे, खाली लाल बटण. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. एवढ्याशा वस्तूने दोन घरं मोडली होती.

दामूला खुर्चीवर बसवलं. त्याने चकतीला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. रेडिओच्या आतली केसाएवढी तार जोडतानाही ही बोटं कचरलेली कौसल्याने कधी पाहिली नव्हती.

"एकवीस गेला तर?" त्याने मनालीला विचारलं.

मनालीने खोटा धीर दिला नाही. गेला तर ती बंद होईल, म्हणाली, आणि बॅटरीशिवाय तिला परत चालू करता येईल असं मला वाटत नाही.

बारा चोवीस झाले. भोंग्यातून खरखर सुरू झाली.

"इथला नियम दोन माणसांचा व्हता," दामू म्हणाला. तो कोणाशी बोलतोय हे क्षणभर कळलं नाही. "एकानं चकती फिरवायची, दुसऱ्यानं आकडा मोठ्यानं वाचायचा. मंगच बटण. त्या दिवशी दुसरा मानूस न्हवता. नवशा, इकडं ये."

नवशाने बहिणीकडे पाहिलं.

"जा," कौसल्या म्हणाली. "त्यांच्या उजव्या अंगाला ऱ्हा. चष्मा लाव."

त्याने खिशातून चष्मा काढला, लावला आणि दामूच्या खुर्चीमागे वाकून उभा राहिला. भोंग्यातला आवाज चढत होता. टिट्टिव-टिट्टिव-टिट्टिव. दामूने चकती फिरवली. एकवीस गेला, बावीस गेला, चकती थांबली.

"वाच."

"तेवीस."

"पुन्हा वाच."

"तेवीस हाय, दाजी. मी बघतोय."

दामूने बटण दाबलं.

काही झालं नाही. आवाज तसाच घाईने येत राहिला. कौसल्याने मनात आकडे मोजले, पाच, सहा, सात. सुमितने डोळे मिटून घेतले होते. मग भोंग्यातला आवाज एकदम तुटला. खोलीत फक्त खाडीचा वारा. संघरत्नाने आईचा दंड धरला.

आणि पुन्हा आवाज आला. टिट्टिव. मधे श्वास घेण्याएवढी जागा. टिट्टिव. लांबून धापा टाकत आलेल्या माणसाला बसायला पाट द्यावा, पाणी द्यावं, आणि मग त्याने सावकाश बोलायला लागावं, तसं. हा ठेका कौसल्याच्या ओळखीचा होता. सुमितला मांडीवर घेऊन ती दारात बसायची तेव्हा शेतावरून हाच यायचा.

दामूने बटणावरून हात उचलला आणि मांडीवर ठेवला. त्याचे खांदे हलत होते. नवशाने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, उचलला आणि पुन्हा ठेवला. कोणी त्यांच्याकडे फार वेळ पाहिलं नाही. सुमित बाहेर जाऊन फाटकाशी उभा राहिला, आणि तिकडून त्याचं नाक शिंकरणं ऐकू आलं.

मनालीने जाबजबाब पूर्ण केला. जुना कागद रद्द व्हायला दोन महिने लागतील, पण होईल, असं तिने शब्द देऊन सांगितलं. मग म्हणाली की टिटवी आता वर्ष-दोन वर्षं टिकेल. कॉलेजातली मुलं इथे आणून त्यांना ऐकायला, हुकूम द्यायला शिकवावं असा कचेरीचा विचार आहे. दर रविवारी काका येतील का? पहिल्या तुकडीत तुमच्या खारबावच्या वस्तीतल्या दोन मुली आहेत.

दामूने चकतीकडे पाहिलं. "एकट्यानं न्हाय यायचं," म्हणाला. "नियम दोघांचा हाय."

पडघ्याहून खारबावला दोन रिक्षा बदलाव्या लागतात, गुडघे दुखतात, असं काहीतरी नवशा पुटपुटला. हो म्हणायची त्याला लाज वाटत होती, हे कौसल्याला दिसलं.

"खारबावला कशाला सरळ यायचं?" ती म्हणाली. "आदी टेमघरला ये. नऊच्या आत. दोघं जेवून निघा. सुमित सोडंल."

तिने पदर खोचला आणि फाटकाकडे निघाली. घरी भात करून ठेवला होता, तो निवत होता, आणि सुकट अजून परतायची होती.